कॉलेजच्या आरोग्य समितीचं काम तुमच्याकडे आलंय? मग आधी ध्येय ठरवा, कार्यक्रम नंतर

जूनमध्ये कॉलेज उघडलं की समित्यांची यादी स्टाफरूममध्ये लागते आणि कुणाच्या तरी नावापुढे "आरोग्य समिती, समन्वयक" असं लिहिलेलं असतं. चार वर्षांपूर्वी ते नाव माझं होतं. मी वनस्पतीशास्त्र शिकवते, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं कॉलेज आहे, निम्म्याहून जास्त मुलं आजूबाजूच्या वाड्यांतून एसटीने येतात. नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून आधीच्या फाईलीत जे होतं तेच मी केलं. योग दिन, डेंग्यूवर व्याख्यान, एड्स दिनाची रॅली, पोस्टर स्पर्धा, शेवटी फेब्रुवारीत रक्तदान शिबिर. फाईल जाड झाली, फोटोही भरपूर.

त्या रक्तदान शिबिरात मुली रांगेत उभ्या राहत होत्या आणि एकामागून एक परत येत होत्या. एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) कमी, एचबी कमी, वजन कमी, एचबी कमी. एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, कमी आहे म्हणाले. मग आता मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभर आरोग्याचे कार्यक्रम घेतले आणि या एका प्रश्नासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं, ते मला खूप लागलं. त्यानंतर जे शिकले ते पायरी-पायरीने इथे लिहितेय, म्हणजे तुमचं पहिलं वर्ष तसं जाणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. "आठ कार्यक्रम घेणे" हे ध्येय नाही, ते काम आहे. मुलांच्या तब्येतीत किंवा सवयीत काय बदलणार आणि ते तुम्हाला कशावरून कळणार, हे लिहिता आलं तर ते ध्येय.

१) पहिला दीड महिना नवीन काही ठरवू नका, नुसतं बघा

२१ जूनचा योग दिन करावाच लागतो, तो करा. बाकी थांबा. वही घेऊन सकाळी सातला गेटवर उभं राहा, कॅन्टीनमध्ये बसा, पाण्याचे नळ किती चालू आहेत ते मोजा, मुलींच्या टॉयलेटला स्वतः जाऊन या.

मी हे केलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या कितीतरी मुली वस्तीच्या गाडीने येतात. रात्री गावात मुक्कामाला असलेली एसटी पहाटे साडेपाच-पावणेसहाला सुटते, ती चुकली की पुढची थेट दहाची. म्हणजे मुलगी पाचला उठते, कपभर चहा घेते, घेतलं तर एखादं बटर, आणि पऱ्या (ओढा) ओलांडून स्टॉपवर येते. साडेसातला लेक्चर, सुट्टी दहा वाजता. दहाला वडापाव. आणि पाणी? पाणी पीतच नाहीत, कारण आमच्या जुन्या इमारतीत मुलींसाठी एकच टॉयलेट, त्याची कडी तुटलेली. घरी पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजतात, तोपर्यंत लघवीला जायचं नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, असा साधा हिशोब. आणि मी या मुलींसमोर समतोल आहाराचा तक्ता लावून बोलत होते.

हे कुठल्याही सर्व्हेत आलं नसतं, कारण कडीबद्दल प्रश्न विचारायचं मला सुचलंच नसतं. म्हणून आधी बघा.

२) समितीत खरी माहिती असणारी माणसं घ्या

ऑर्डरमध्ये प्राचार्य, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी, जिमखान्याचे सर असतात, ते असू देत, सह्या त्यांच्याच लागतात. त्यांच्याबरोबर ही माणसं घ्या:

– ऑफिसात एसटी पासचे फॉर्म बघणारे क्लार्क. कोणती मुलं कुठून, कोणत्या गाडीने येतात ते यांना तोंडपाठ असतं.
– शिपाई मावशी. मुलीच्या पोटात दुखलं, चक्कर आली की ती आधी मावशींकडे जाते, आपल्याकडे नाही.
– कॅन्टीनवाले. हे नसतील तर खाण्याबद्दल कुठलंही ध्येय लिहू नका.
– होस्टेल असेल तर रेक्टर.
– पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) मेडिकल ऑफिसर किंवा तिथल्या सिस्टर. डॉक्टर प्रत्येक मीटिंगला येऊ शकत नाहीत, वर्षात दोनदा आले तरी पुरे, पण सिस्टरशी ओळख ठेवा.
– चार विद्यार्थी. जीएस (विद्यार्थी प्रतिनिधी) आणि टॉपर सोडून. एक सगळ्यात लांबून येणारा किंवा येणारी, एक होस्टेलची, एक कॉलेज करून दुकानात किंवा बागेत कामाला जाणारा, एक एफवायचा (पहिल्या वर्षाचा).

चूक कुठे होते तर समिती पंधरा जणांची होते आणि मीटिंगच लागत नाही. ऑर्डरवर नावं जास्त असली तरी मीटिंगला सात-आठ जण खूप झाले. महिन्यातून एकदा अर्धा तास, तोही लांबची गाडी सुटायच्या आधी, नाहीतर सगळ्यात लांबून येणारी मुलगी पहिल्या मीटिंगनंतर येणं बंद करेल, आमच्याकडे तसंच झालं होतं.

३) आकडे गोळा करा, पण सुरुवात कॉलेजातल्याच नोंदींपासून

सर्व्हेचा फॉर्म बनवायला सगळे लगेच बसतात. थांबा, तुमच्याकडे आधीच बरंच काही पडून असतं.

रक्तदान शिबिराची नोंद घ्या. ब्लड बँकेला विचारा की किती जण आले, किती जणांना देता आलं नाही आणि कशामुळे. फक्त संख्या मागा, नावं नकोत. इथे एक घोळ होतो. रक्त द्यायला एचबी किमान १२.५ लागतं आणि वजन किमान ४५ किलो, पण बाईला ॲनिमिया (रक्त कमी असणं) आहे असं म्हणतात ते १२ च्या खाली, पुरुषाला १३ च्या खाली. म्हणजे परत पाठवलेली प्रत्येक मुलगी ॲनिमियाची नसते, आणि दिलेल्या प्रत्येक मुलाचं सगळं ठीक असतं असंही नाही. हा आकडा म्हणजे नुसती खूण आहे, निदान नाही. पण आमच्यासाठी ती खूण पुरेशी मोठी होती. देशपातळीवर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया सापडला होता, त्यामुळे तुमच्याकडे काही वेगळं असेल असं धरून चालू नका.

मग जिमखान्यातलं प्रथमोपचाराचं रजिस्टर, असेल तर. हजेरीचं मस्टर, कुठल्या आठवड्यात हजेरी पडते ते बघा, आमच्याकडे जुलैत पडते, थोडी भातलावणीमुळे थोडी तापामुळे. आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन तालुक्यात पावसाळ्यात ताप, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप), सर्पदंश यांचं काय चित्र आहे ते विचारून घ्या, नीट पत्र दिलं तर सांगतात.

यानंतर सर्व्हे. पंधरा प्रश्न, मराठीत, कागदावर, नाव न घालता, आणि फॉर्म टाकायला बंद पेटी. गूगल फॉर्म सोपा वाटतो पण आमच्या काही वाड्यांत रेंज नाही, आणि वर्गात भरायला लावला तर तिघीजणी एकाच मोबाईलवर हसत हसत भरतात, मग खरं उत्तर कसं येणार.

प्रश्न विचारताना शब्द सांभाळा. "तुम्ही रोज नाश्ता करता का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, "आज घरून निघायच्या आधी काय खाल्लं" असं विचारा. तंबाखूचं तर फारच महत्त्वाचं आहे. "तंबाखू खाता का" ला आमच्याकडे जवळपास सगळ्यांनी नाही लिहिलं होतं, आणि मग मावशी म्हणाल्या, मॅडम, मिशरी विचारलीत का? मिशरी लावणं हे आपल्याकडे दात घासणं समजतात, आई लावते, आजी लावते, त्यात तंबाखू भाजलेला असतो हे मुलींच्या डोक्यातच येत नाही. म्हणून मिशरी, तपकीर, गुटखा, मावा, सिगरेट, सगळं वेगवेगळं नाव घेऊन विचारा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणून तो प्रश्न गाळू नका.

व्यायामाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. जी मुलगी स्टॉपपर्यंत रोज तीन किलोमीटर चालते तिचं ते केव्हाच पूर्ण झालेलं असतं, ती फॉर्मवर मात्र "व्यायाम – नाही" लिहिते. चालणं, शेतातलं काम, पाणी भरणं हे सगळं धरा. आमच्याकडे हालचाल कमी होती ती गावातल्या आणि होस्टेलच्या मुलांची, आम्ही उगाच सगळ्यांना झुंबा शिकवणार होतो.

आणि सर्व्हे एकाच लेक्चरला घेऊ नका. पहिल्या लेक्चरला जी मुलं पोचत नाहीत त्यांचीच तर माहिती हवी आहे. तिन्ही वर्षं, दोन वेगवेगळे दिवस, एकदा सकाळी एकदा सुट्टीनंतर.

एचबी तपासणी करणार असाल तर पीएचसीच्या लोकांकडूनच करा, सुया आणि कापसाची विल्हेवाटही त्यांच्याकडेच राहू दे. वर्गात रांग लावून मोठ्याने आकडे वाचले जाताना मी पाहिलंय, "हिचं साडेआठ!", आणि त्या पोरीचा चेहरा अजून आठवतो. आकडा चिठ्ठीवर लिहून हातात द्या, डॉक्टरांची यादी डॉक्टरांकडे राहू दे, कॉलेजला फक्त किती जणी कुठल्या गटात एवढंच. ज्यांचं ८ च्या खाली असेल त्यांना गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही, त्यांना दवाखान्यातच न्यायचं, आणि घरच्यांशी बोलायचं ते मुलीला विचारून.

४) दोनच विषय निवडा

फळ्यावर सगळे विषय लिहा. आमच्या यादीत चौदा झाले होते, ॲनिमिया, रिकामं पोट, टॉयलेट, मिशरी-तंबाखू, लेप्टो, साप, बाईकचे अपघात, परीक्षेचं टेन्शन, झोप, मोबाईल, असं सगळं. मग प्रत्येकापुढे तीन प्रश्न विचारा. किती मुलांना हे आहे? किती गंभीर आहे? आणि यातलं आपल्या कॉलेजच्या हातात काय आहे? तिसऱ्या प्रश्नावर बरीच यादी आपोआप गळते.

दोन ध्येयं घ्या, अगदी उत्साह असेल तर तीन. आम्ही ॲनिमिया आणि सकाळचं रिकामं पोट-पाणी-टॉयलेट हे घेतलं. तंबाखू दुसऱ्या वर्षी घेतला.

पण काही गोष्टी आकड्यांची वाट न बघता तयार ठेवाव्याच लागतात, त्यांना ध्येय म्हणू नका, तयारी म्हणा. साप हे त्यातलं पहिलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत, आणि फुरसं तर कातळावर, दगडाखाली कुठेही. कॉलेजच्या मागच्या कंपाउंडला दगडी गडगा (रचलेल्या दगडांची भिंत) असेल तर विचार करा. पट्टी करकचून बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन, आणि ज्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं तिथेच थेट न्यायचं. तुमच्या तालुक्यात ते कुठे असतं हे जूनमध्येच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

५) ध्येयाचं वाक्य नीट लिहा

हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वाक्यात सहा गोष्टी आल्या पाहिजेत: कोणामध्ये, काय, आत्ता किती, किती करायचंय, कधीपर्यंत, कशाने मोजणार.

आधी मी असं लिहिलं होतं: "विद्यार्थिनींमध्ये आहाराविषयी जागरूकता निर्माण करणे." यातलं काहीच मोजता येत नाही. मग ते असं झालं (आकडे समजुतीसाठी धरलेत): "एफवाय आणि एसवायच्या बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींपैकी सकाळी दहापर्यंत काही न खाणाऱ्या आत्ता १०० पैकी ६० आहेत, फेब्रुवारी अखेर त्या ४० वर आणायच्या, मोजणी त्याच पंधरा प्रश्नांच्या फॉर्मने." कुणीही नवीन माणूस आला तरी त्याला कळतं काय करायचंय.

ही पद्धत माझी नाही. अमेरिकेत १९८० पासून दर दहा वर्षांनी सगळ्या देशाची आरोग्याची ध्येयं आकड्यांत मांडतात, आणि त्याच धर्तीवर तिथल्या अमेरिकन कॉलेज हेल्थ असोसिएशनने कॉलेजांसाठी "हेल्दी कॅम्पस" नावाची ध्येयं केली, विद्यार्थ्यांचा मोठा सर्व्हे २००० पासून घेतात. त्यांचे विषय आपल्या कामाचे असतीलच असं नाही, पण त्यांचा क्रम मी उचलला: माणसं जमवा, परिस्थिती तपासा, आखणी करा, अंमलात आणा, मागोवा घ्या. आपल्याकडे युजीसीनेही (विद्यापीठ अनुदान आयोगानेही) एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांची शारीरिक तंदुरुस्ती, आरोग्य आणि मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, प्राचार्यांकडे प्रस्ताव नेताना त्या जोडा, काम लवकर होतं.

इथे नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) नादात लोक फसतात. अहवालात छान दिसावं म्हणून "१०० टक्के विद्यार्थिनी ॲनिमियामुक्त" असं लिहून टाकतात. तसं लिहू नका. एका वर्षात ते होत नाही, आणि न झाल्यावर आकडे फिरवायचा मोह होतो. छोटं लिहा आणि खरं मोजा.

६) मुलांना सांगण्याआधी कॉलेज बदला

२०१५ मध्ये कॅनडातल्या ओकानागनला जगभरातले विद्यापीठवाले जमले होते आणि आरोग्याला चालना देणाऱ्या विद्यापीठांची सनद त्यांनी केली. त्यातलं मला पटलेलं म्हणजे आरोग्य हा वेगळा कार्यक्रम न ठेवता कॉलेजच्या रोजच्या कारभारात, टाइमटेबलात, इमारतीत, कॅन्टीनमध्ये मुरला पाहिजे. आमच्याकडे त्याचं रूप असं झालं:

टॉयलेटची कडी. दुरुस्तीचा खर्च किरकोळ, पण वर्षानुवर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. कडी, बादली, झाकणाचा डबा, पॅड ठेवायला मावशींकडे एक कपाट. पाण्याच्या टाकीवर साफ केल्याची तारीख लिहायची. या सगळ्यावर मी एकही व्याख्यान दिलं नाही आणि सगळ्यात आधी फरक इथेच दिसला, मुली बाटली भरून घ्यायला लागल्या.

सुट्टी. दहाची सुट्टी नऊ चाळीसवर आणायला मला टाइमटेबल समितीशी तीन बैठका कराव्या लागल्या. आधी आकडे नेले नव्हते तेव्हा "बघू" म्हणाले, सर्व्हेचा कागद समोर ठेवला तेव्हा मान्य झालं.

कॅन्टीन. इथे हुकूम करून चालत नाही, त्या माणसाचं पोट त्यावर आहे. वडापाव बंद करा असं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर गाडी लागली असती. आम्ही त्यांना विचारलं, सव्वासातला काय देता येईल? ते स्वतःच म्हणाले, पेज. उकड्या तांदळाची गरम पेज, बरोबर लोणचं किंवा सुकटीची चटणी, वडापावपेक्षा स्वस्त. पहिले आठ दिवस कुणी घेईना, कॉलेजात पेज कोण खातं असं पोरांचं म्हणणं. मग समितीतल्या त्या लांबून येणाऱ्या मुलीने मैत्रिणींना घेऊन खायला सुरुवात केली, पावसाचे दिवस होते, आणि पेज चालू लागली. पुढे उकडलेलं अंडं आलं, नाचणीचे घावणे आले, कुळथाची पिठी आणि भात शनिवारी.

लोहाच्या गोळ्या. १० ते १९ वयाला सरकारी योजनेत आठवड्याला एक निळी गोळी असते, पण कॉलेजच्या मुली मध्येच सुटतात, शाळा संपलेली आणि अंगणवाडीशी संबंध नाही. पीएचसीला पत्र देऊन आपल्या कॉलेजला त्यात घेता येतं का ते विचारा. ज्यांना ॲनिमिया निघाला त्यांचा डोस डॉक्टरच ठरवतील, तो आपण ठरवायचा नाही. आपलं काम गोळी पोटात जाईल हे बघणं. आमच्याकडे पहिल्या वर्षी दुसऱ्याच आठवड्यात बऱ्याच मुलींनी सोडली, कारण शौचाला काळं होतं आणि मळमळतं हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं, त्या घाबरल्या. आधी सांगा. जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर अजिबात नाही, चहा आणि गोळी यांत निदान तासाभराचं अंतर, लिंबू-आवळा बरोबर असेल तर उत्तम. आम्ही सोमवारी सुट्टीत खाऊन झाल्यावर, कॅन्टीनमध्येच, असं ठेवलं.

तंबाखूसाठी एनएसएसची मुलं आणि लांब टेप घ्या. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला बंदी आहे. मोजा, पिवळी रेघ मारा. आत येणाऱ्या टपरीवाल्याशी आधी बोला, तो गावातलाच असतो, लगेच तक्रार करू नका. आमच्याकडच्या टपरीवाल्यांनी चिक्की, पेन, झेरॉक्स असं सुरू केलं.

७) वर्षाची आखणी कोकणच्या कॅलेंडरवर बसवा

बाहेरून आलेला तक्ता आपल्याकडे चालत नाही. जून-जुलैत प्रवेश, पाऊस, लावणी. गणपतीच्या आधी आठवडा आणि नंतर आठवडा कॉलेजात कुणी नसतं, चाकरमानी आलेले असतात, आणि एसटीच्या गाड्या जादा फेऱ्यांना वळवल्यामुळे वस्तीच्या गाडीचाही भरवसा नाही. मग सेमिस्टर परीक्षा, दिवाळी. डिसेंबरात एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर. जानेवारीत गॅदरिंग आणि खेळ. शिमग्याला गाव भरलेलं आणि कॉलेज रिकामं, एप्रिलमध्ये आंब्याच्या बागेत कामं.

म्हणून पहिली मोजणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, काम गणपतीनंतर जोरात, दुसरी मोजणी फेब्रुवारीत शिमग्याच्या आधी. यात आणखी एक कारण आहे. आठवड्याच्या एका गोळीने एचबी सावकाश वाढतं, त्यामुळे महिन्याने सगळ्यांचं तपासलं तर फारसं काही दिसत नाही आणि सगळ्यांचा धीर सुटतो. कॉलेजच्या मोजणीसाठी निदान तीन महिने जाऊ द्या, ज्यांना डॉक्टरांनी उपचाराचा डोस दिलाय त्यांची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच.

लावणीचा उपक्रम घेणार असाल तर पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात उतरवू नका. लेप्टो उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि जखमेतून शिरतो. नंतर ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "चिखलात काम केलं होतं" हे आपणहून सांगायचं, हे एक वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या. आधी घ्यायच्या गोळ्या आरोग्य खातं देतं, त्यांच्याच सल्ल्याने. आणि शिबिरात मुलांना जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते, कधी कधी चावलेलं कळतही नाही. खाटा मिळत नसतील तर निदान मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून, आणि प्रत्येक गटाला बॅटरी.

८) मनाच्या तब्येतीचं वेगळं आणि सावकाश

इथे घाई केली तर इजा होते. नेटवरून मानसिक तणावाची प्रश्नावली उतरवून सगळ्या वर्गाला भरायला देतात, त्यातल्या काहींत स्वतःला संपवायचे विचार येतात का असाही प्रश्न असतो. एखाद्या मुलाने हो लिहिलं आणि तुम्ही तो कागद मार्चमध्ये अहवाल लिहिताना वाचलात तर? मदतीची व्यवस्था आधी, प्रश्न नंतर.

व्यवस्था म्हणजे निदान एवढं: ठरलेल्या दिवशी येणारा प्रशिक्षित समुपदेशक, त्याच्यासाठी दार बंद होणारी खोली, आणि पुढे पाठवायला जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलंय, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडायचे आहेत. व्यवस्थापनाकडे पद मागताना हे सांगा. तोपर्यंत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, २०२२ पासून चालू आहे. तो नोटीस बोर्डवर लावून थांबू नका, टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे कुणी बघत नसताना नंबर उतरवून घेता येतो.

आमच्या खोलीची जागा चुकली होती. प्राचार्यांच्या केबिनशेजारी दिली होती, त्यामुळे कोण जातं ते सगळ्यांना दिसायचं, सहा महिन्यांत कुणी फिरकलं नाही. लायब्ररीच्या मागच्या खोलीत हलवली आणि मुलं यायला लागली.

९) लागणारी कागदपत्रं

– समिती नेमल्याची ऑर्डर, विद्यार्थ्यांच्या नावासकट
– पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालयाला प्राचार्यांच्या सहीचं पत्र, पोच घेतलेली प्रत
– सर्व्हेचा कोरा फॉर्म आणि वर सुरुवातीला चार ओळी: नाव लिहू नका, भरणं सक्तीचं नाही
– एचबी तपासणीसाठी संमतीपत्र. एफवायची बरीच मुलं १८ च्या आतली असतात, त्यांना पालकांची सही लागते, ते फॉर्म आठ दिवस आधी घरी पाठवा
– ध्येयांचं एक पान, प्राचार्यांची सही
– मीटिंगचं इतिवृत्त, एक पान पुरे
– प्रथमोपचार पेटीची यादी, औषधांच्या मुदतीच्या तारखांसह
– खर्चाची बिलं

पैशाचं थोडक्यात: आमचे पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त पैसे झेरॉक्सवर गेले. गोळ्या आणि तपासणी पीएचसीकडून, टॉयलेट दुरुस्ती कॉलेजच्या देखभाल निधीतून, खाटा माजी विद्यार्थ्यांनी दिल्या. वेगळं बजेट नाही म्हणून अडलं असं फारसं झालं नाही.

१०) तेच पुन्हा मोजा आणि जे आलं ते सांगा

फेब्रुवारीत तोच फॉर्म, तेच प्रश्न, त्याच वर्षांची मुलं. एकही शब्द बदलू नका, नाहीतर आधीच्या आकड्याशी तुलना होत नाही. निकाल आधी मुलांना सांगा, मग अहवालात घाला.

आमचं सकाळच्या खाण्याचं ध्येय पूर्ण झालं. एचबीचं झालं नाही, थोडं सुधारलं पण ठरवलं होतं तितकं नाही, कारण परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्टीत गोळ्यांचे पाच-सहा सोमवार गेले होते. ते आम्ही तसंच लिहिलं आणि पुढच्या वर्षी सुट्टीपुरत्या गोळ्या घरी द्यायची सोय डॉक्टरांना विचारून केली. ती एसवायची मुलगी, तिचं एचबी वाढलं, तरी त्या फेब्रुवारीतही रक्त देण्याइतकं नव्हतं. मी तिला ते स्पष्ट सांगितलं, आणि यावेळी पुढे काय करायचं हेही सांगता आलं.

समन्वयक बदलला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून मार्चअखेर फाईल अशी लावा: पहिल्या पानावर दोन ध्येयं, प्रत्येकापुढे ऑगस्टचा आकडा आणि फेब्रुवारीचा आकडा. दुसऱ्या पानावर फोन नंबर: पीएचसीच्या सिस्टर, कॅन्टीन, १०८, १४४१६, सापाच्या इंजेक्शनचा दवाखाना. तिसऱ्या पानावर जे जमलं नाही ते आणि का जमलं नाही ते. आणि मागे सर्व्हेच्या दोनशे कोऱ्या प्रती, झेरॉक्स मारूनच ठेवा, ऑगस्टमध्ये लाईट नसते.